चौथ्या पेटीतलं पाकीट

वेलिनाने चष्मा काढून कोटाच्या अस्तराला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला, तरी पाकिटावरचं अक्षर तेच राहिलं. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर प्रदर्शनाची मांडामांड चालली होती. कुठेतरी खिळे ठोकत होते, कुणीतरी जिन्यावरून फळी ओढत वर आणत होतं, आणि काचेच्या चौथ्या पेटीत, बाबांचं शाईचं पेन आणि सिगारेटने एका कोपऱ्यात जळलेली वही यांच्या मधोमध, विटक्या निळ्या रंगाचं एक पाकीट उभं करून ठेवलं होतं. मागे छोटा आरसा होता, त्यामुळे पाकिटाची पाठही दिसत होती. झाकण या कडेपासून त्या कडेपर्यंत डिंकाने चिकटवलेलं, कुठेही फाटलेलं नाही. समोर जांभळ्या शाईत, ओळ सोडून उजवीकडे घसरत गेलेलं: कॉम्रेड प्रोदान काराबोव, लेखक संघ, सोफिया. काराबोवमधल्या पहिल्या अक्षराचा पाय लांब ओढून पुढच्या दोन अक्षरांखालून नेलेला. आज सकाळीच तिने दातांच्या लॅबमधल्या वहीत, एका बेकरीवाल्याच्या वरच्या कवळीच्या नोंदीखाली, अशीच सही केली होती. पेटीतल्या छापील चिठ्ठीवर होतं: ‘एका बालवाचकाचं पत्र, १९६३. कवीने न उघडलेलं. काराबोव यांना लहान मुलांची अशी शेकडो पत्रं येत असत.’

तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. फक्त बसावंसं वाटलं. दारापाशी पहारेकरणीसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ती बसली आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या. सकाळी सातपासून ती मेण तापवून दातांच्या कडा बसवत होती, दुपारी एकला तशीच इकडे आली होती. रादोस्तिनाने, म्हणजे या प्रदर्शनाचं सगळं बघणाऱ्या ग्रंथालयातल्या मुलीने, फोन करून सांगितलं होतं, ‘‘काराबोवाबाई, फोटोंतली चारदोन माणसं तेवढी ओळखून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.’’ पासष्टाव्या वर्षी अर्ध्या तासाचं काम म्हणजे दोन बस, एक चढण आणि मग हे. बाबांची जन्मशताब्दी. गावभर खांबाखांबांवर त्यांचा चेहरा लावला होता, आणि बसस्टॉपवरच्या चेहऱ्याच्या नाकावर कुणीतरी आधीच च्युइंगगम चिकटवलं होतं. ते बघून तिला सकाळी बरं वाटलं होतं, का ते कळलं नव्हतं.

छप्पन्न वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती आणि डोंगरातल्या क्षयाच्या इस्पितळात सात महिने होती. त्या इस्पितळाला लांबलचक पांढरी ओसरी होती. जेवण झालं की सगळ्या मुलांना तिथे लोखंडी खाटांवर, गळ्यापर्यंत पांघरुणं घालून, ओळीने झोपवत. हलायचं नाही, बोलायचं नाही, हवा घ्यायची. हवा घेणं हे औषध होतं, माशाच्या तेलासारखंच, फक्त त्याला वास नव्हता. समोरच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत ती पडून राही, आणि रस्त्याच्या वळणावरून कुणी येतंय का, इकडे कान लावी. आई दोनदा आली होती. सुताच्या गिरणीतून तिला रजा मिळत नसे. बाबा त्याच्या आदल्या वर्षीच घर सोडून सोफियाला गेले होते, एवदोकिया नावाच्या बाईकडे. हे वेलिनाला त्या वेळी नीट माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बाबा लेखक आहेत आणि लेखकांना काम असतं. सात महिन्यांत ते एकदाही आले नाहीत.

आणि मग ती कविता आली. ‘पांढरी ओसरी’. शाळेत चौथीला असते, अजून आहे. आजारी लेकीच्या उशाशी बाप रात्रभर बसतो, तिचे श्वास मोजतो, एखादा श्वास चुकला की स्वतःचा एक तिला देतो, आणि उजाडता उजाडता मुलगी डोळे उघडून विचारते, बाबा, तुम्ही झोपला नाहीत? देशात असं घर नसेल जिथे ही कविता कुणाला येत नाही. वेलिना बरी होऊन घरी आली तोवर ती ‘ती मुलगी’ झालेली होती. शिक्षिका तिला वर्गापुढे उभं करत. अकराव्या वर्षी रेडिओवरची एक बाई घरी आली, लांब तारेचा माइक तिच्या तोंडापुढे धरून म्हणाली, ‘‘सांग बाळ, तुला त्या रात्रीचं काय आठवतं?’’ वेलिनाने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘‘त्यांचा हात गरम होता.’’ आई दारात उभी होती. तिने आपल्या चपलांकडे बघितलं. बाई गेल्यावर वेलिनाने विचारलं, ‘‘आई, मी खोटं बोलले का?’’ तर आई बटाटे सोलता सोलता म्हणाली, ‘‘एवढी एकच गोष्ट दिली त्याने तुला. राहू दे.’’ ती राहिली. नवऱ्याने पहिल्या भेटीत विचारलं होतं, ‘‘म्हणजे ती तूच?’’ सासूने साखरपुड्यात पाहुण्यांना सांगितलं होतं. लॅबचा डॉक्टर अजूनही बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांना सांगतो की आजोबा, तुमचे दात कुणी केलेत माहीत आहे का? आणि प्रत्येक वेळी वेलिना तेच वाक्य म्हणत आली. त्यांचा हात गरम होता. शेकडो वेळा म्हटल्यावर वाक्याला वजनच राहत नाही. नळाखाली हात धुवावेत तसं ते तोंडातून जाई.

पण हे सगळं तिने एवढी वर्षं निमूट वाहून नेलं त्याला एक कारण होतं, आणि ते कारण आत्ता त्या पेटीत उभं होतं. तिने बाबांना पत्र लिहिलं होतं. त्यात तिने लिहिलं होतं, बाबा, या. मला न्यायला नका येऊ, नुसते या. एक दिवस बसा आणि जा. हे शब्द तिला पाठ होते. बाबांनी ते पत्र वाचलं, त्यांना येता आलं नाही, लाज वाटली, आणि त्या लाजेतून त्यांनी कविता लिहिली, असं तिने फार लहानपणी स्वतःशी ठरवलं होतं. कविता म्हणजे तिच्या पत्राचं उत्तर होतं. बाकीच्या जगाला ती कविता वाटत होती, तिला तेवढं माहीत होतं की ते उत्तर आहे. त्यामुळेच तिने बाबांना कधी काही विचारलं नाही. वर्षातून एकदा ते भेटत, चौदाव्या वर्षी तिच्यासाठी बाहुली घेऊन आले, तीसुद्धा सहा वर्षांच्या मुलीची. शेवटची वर्षं ते एवदोकियाला घेऊन इथेच, नदीकाठच्या आपल्या गावी राहायला आले, खोकत असत, तरी तिने विचारलं नाही. उत्तर मिळालेल्या माणसाने पुन्हा प्रश्न कशाला विचारायचा? आणि आता हे पाकीट, मागे आरसा लावून, दोन्ही बाजूंनी दाखवत होतं की पत्र कुणी वाचलंच नव्हतं.

‘‘अय्या, तुम्ही इथे बसलात होय?’’ रादोस्तिना हातात फोटोंचा गठ्ठा घेऊन आली. तिशीची असेल, केसांत पेन्सिल खोचलेली, दोन दिवस झोपली नसावी. ‘‘पाणी आणू का? चेहरा उतरलाय तुमचा.’’

‘‘ते चौथ्या पेटीतलं पाकीट,’’ वेलिना म्हणाली. ‘‘ते माझं आहे.’’

‘‘कुठलं? बालवाचकाचं?’’

‘‘वाचक नाही. मुलगी. इस्पितळातून लिहिलेलं. सिस्टर सांगायच्या पूर्ण नाव लिहा, कॉम्रेड लिहा, नाहीतर पोचत नाही.’’

रादोस्तिनाने आधी पाकिटाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग फोटोंचा गठ्ठा सरळ जमिनीवर ठेवला. ‘‘देवा. म्हणजे हे त्या हिवाळ्यातलं? ‘पांढरी ओसरी’च्या आधीचं?’’ तिच्या गालांवर रंग चढला. ‘‘बाई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? ही तर अख्ख्या प्रदर्शनातली... थांबा, चिठ्ठी बदलायला हवी. उद्या अकराला उद्घाटन, छापखाना सहाला बंद होतो...’’ आणि मग मध्येच तिचा चेहरा पडला, कारण तिने पाकिटाची पाठ आरशात बघितली होती. ती मूर्ख मुलगी नव्हती. ‘‘ओ,’’ ती म्हणाली. नुसतं ओ.

‘‘उघडायचं आहे मला,’’ वेलिना म्हणाली.

‘‘मला कळतं हो. पण ते नोंदलेलं आहे. न उघडलेलं म्हणून नोंदलेलं आहे. आणि कागद सगळे एवदोकियाबाईंनी दिलेत, त्यांची सही लागेल. मी स्वतः विचारते त्यांना सोमवारी, उद्घाटन झालं की...’’

‘‘मी विचारते. आजच.’’ वेलिना उठली. बुटांच्या नाड्या तशाच सैल होत्या.

एवदोकिया नदीच्या वरच्या बाजूला, लिंडनच्या झाडांच्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट बंद होती. प्रत्येक मजल्यावर वेलिना थांबली आणि दुसऱ्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचल्या. आपण हिच्याकडे किती वर्षांनी जातोय याचा हिशेब तिने करायला घेतला आणि सोडून दिला. बाबांनी तिच्या चौदाव्या वर्षी सांगितलं होतं, हिला मावशी म्हण. तेव्हापासून ती मावशी म्हणत होती, त्या शब्दात काही न घालता, रिकामं ताट पुढे सरकवावं तसं.

‘‘कोण? वेलिना?’’ पंच्याऐंशी वर्षांच्या एवदोकियाला एका डोळ्याने दिसतच नव्हतं, दुसऱ्याने सावल्या दिसत. पण तिने पावलांवरून ओळखलं. ‘‘ये. जिना चढताना तुझ्या बापासारखीच धापा टाकतेस. बस. तो गुलाबाचा मुरंबा आहे बघ कपाटात, वरच्या फळीवर, घे चमचाभर आणि पाणी पी. तुझ्या आईच्या हातचा नाही, पण विषारीही नाही.’’

वेलिनाने मुरंबा घेतला, कारण न घेणं म्हणजे आणखी बोलणं आलं असतं. मग सरळच विचारलं. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

‘‘ते निळं,’’ एवदोकिया म्हणाली. ‘‘मी मुद्दाम दिलं ते. पुस्तकांच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवलं. म्हटलं, बघू, कुणाला तरी दिसतंय का. त्या पोरीने बालवाचक केलं होय त्याचं?’’ ती फिसकन हसली. ‘‘मार्च होता. लेखक संघाचा शिपाई टपाल घरी आणून द्यायचा. प्रोदानने अक्षर बघितलं आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं. आठवडाभर खिशात. मी म्हटलं, उघड की रे, पोर आहे ते. तर म्हणाला, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे तर जा मग. जातो म्हणाला सोमवारी. सोमवारी कोट घातला, बूट घातले आणि तसाच टेबलाशी बसला. बूट घालून. तीन दिवस धड जेवला नाही. मग ती कविता. आणि एकदा कविता झाली ना, पोरी, की त्याला वाटायला लागलं, तो जाऊन आला. खरंच वाटायला लागलं. लोकांना सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते खरं असायचं, मी जवळून बघायचे.’’

‘‘तुम्ही का नाही उघडलंत?’’

‘‘मी?’’ एवदोकियाने मान वळवून तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. ‘‘मी तुझ्या आईकडून त्याला ओढून आणलेली बाई. तुझं पत्र माझ्या हाताने उघडायचं एवढी छाती नव्हती माझी. टाकून द्यायचीही नव्हती. मग राहिलं. उघड तू. माझी कसली सही? पण आण तो कागद, करते. कुठे करायची तेवढं बोट धरून दाखव.’’

जिना उतरताना वेलिनाला हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची तिला थोडी भीती वाटत होती. ‘त्यात काय आहे ते मला माहीत आहे.’ म्हणजे त्यांना माहीत होतं. डोळ्यांनी वाचलं नाही, पण वाचलंच होतं. आतल्या खिशात, आठवडाभर, तिचे शब्द त्यांच्या छातीशी होते, बाबा, या, एक दिवस बसा आणि जा, आणि ते कागद न उलगडता त्यांना ऐकू येत होते. म्हणजे उत्तर ते उत्तरच होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने चीज भरलेली गरम बानित्सा घेतली आणि कागदातच धरून, चालता चालता खाल्ली; बोटं तेलकट झाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं रस्त्यावर खाताना नवऱ्याने तिला कधी बघितलं नव्हतं. तो आता नव्हता, मुलगा परदेशात होता, आणि रस्त्यावरच्या खांबावरून बाबा बघत होते. तिने त्यांच्याकडे बघून चीज ओठांवरून पुसलं. बऱ्याच वर्षांनी तिला त्यांची दया आली. बूट घालून टेबलाशी बसलेला माणूस. त्याला कुठे जायचं होतं तो रस्ता तिला माहीत होता. वळण, मग झाडं, मग ओसरी.

एवदोकियाची सही रात्रीच घेऊन झाली होती. शुक्रवारी सकाळी आठला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रादोस्तिनाने टेबलावर पांढरा कागद पसरला, हातमोजे घातले आणि हाडाची एक पातळ पट्टी काढली. डिंक जुना होता, पट्टी घातली की सुटणार होता. पण तिने पट्टी पाकिटाच्या कडेशी नेली आणि परत खाली ठेवली. ‘‘मला नाही जमत,’’ ती म्हणाली. ‘‘फाटलं तर?’’ वेलिनाने पट्टी घेतली. तिचे हात आयुष्यभर केसाएवढ्या फटीत काम करत आले होते. डिंक कोरड्या पानासारखा आवाज करत सुटला. आत रेघांच्या वहीचा एक कागद होता, चार घड्या घातलेला.

‘प्रिय कॉम्रेड बाबा, मी मजेत आहे. माझं वजन दीड किलोने वाढलं आहे. आम्ही रोज दूध पितो आणि ताजी हवा घेतो. आम्ही बागेत कांदे लावले आहेत. सिस्टर आणि डॉक्टर आमची चांगली काळजी घेतात. तुम्ही माझी काळजी करू नका आणि लोकांसाठी खूप काम करा. तुमची मुलगी, वेलिना.’

तिने कागद उलटा केला. मागे कोरा होता. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, खोडलेलं काही, पेन्सिलीने दाबलेलं काही, एखादं टोचलेलं भोक. काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश, जणू आपण एखादी ओळ गाळतोय. रादोस्तिना तिच्या खांद्यावरून वाचत होती. ‘‘किती गोड आहे,’’ ती म्हणाली, आणि वेलिनाचा चेहरा बघून एक पाऊल मागे सरकली.

आणि मग फळा आठवला. एवढा मोठा फळा, इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे. जेवणघराच्या भिंतीवरचा हिरवा फळा, आणि सिस्टर गान्का, रुंद पाठीची, खडूने पत्राचा मजकूर लिहिणारी. बाकी सगळं लिहिलेलं असे. दोन जागा तेवढ्या कोऱ्या ठेवलेल्या असत, एक वजनाची आणि एक नावाची. चाळीस मुलं माना खाली घालून उतरवून घेत. जांभळी शाई सगळ्यांना एकाच दौतीतली. बाबा, या, हे तिने कधीच लिहिलं नव्हतं. ते तिने ओसरीवर पडल्या पडल्या, हलायचं नाही, बोलायचं नाही अशा दुपारी, मनातल्या मनात रोज लिहिलं होतं. इतक्या वेळा की शब्द बदलत बदलत नेमके झाले, आणि नेमके झाल्यावर ते लिहिलेले वाटायला लागले. खोलीत रादोस्तिनाच्या कॉफीचा वास येत होता. वेलिनाला वाटलं, म्हणजे बाबा खिशात जे घेऊन हिंडले ते माझं पत्र नव्हतंच. ज्याला घाबरून ते घरात बसले ते पत्र या पाकिटात कधीच नव्हतं. ते फक्त दोघांच्या डोक्यात होतं, त्यांच्या आणि माझ्या, तेच शब्द, दोन वेगळ्या गावांत. त्यांनी पाकीट फोडलं असतं तर त्यांना कळलं असतं की मुलगी मजेत आहे, दूध पिते, आणि ते निवांत झाले असते, आणि कविता झाली नसती. आणि तरीही आले नसते. तिला हसावं की काय करावं ते कळेना. खरं म्हणजे तिला परत झोपायचं होतं.

‘‘चिठ्ठीवर काय लिहू?’’ रादोस्तिनाने हळूच विचारलं.

‘‘मुलीचं पत्र. एवढं पुरे.’’

अकराला वरचं दालन भरलं. महापौर आले, शिक्षणखात्याची बाई आली, व्हायोलिन वाजवणारा एक तरुण आला, शाळेची चौथीची मुलं पांढरे सदरे घालून दोन ओळींत उभी राहिली. एवदोकियाला दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं आणि पहिल्या रांगेत, वेलिनाच्या शेजारी बसवलं होतं. मुलांनी ‘पांढरी ओसरी’ म्हटली. सगळी एका सुरात म्हणत होती आणि श्वास घ्यायला सगळी एकाच जागी थांबत होती. वेलिनाने ही कविता आयुष्यात किती वेळा ऐकली असेल, पण आज तिला पहिल्यांदाच ती बरी वाटली. चांगली लिहिली होती. त्या माणसाला लिहिता येत होतं, हे तिने कधी नीट बघितलंच नव्हतं; ती सतत त्यात आपल्याला शोधत होती. मग महापौर म्हणाले, ‘‘आणि आता, जिच्यासाठी ही कविता जन्माला आली, ती आपल्यात आहे,’’ आणि टाळ्या सुरू झाल्या, आणि ती उठली.

माइक तिच्या उंचीला खाली करायला कुणालातरी वेळ लागला. तेवढ्यात वाक्य आपसूक जिभेवर आलं होतं. त्यांचा हात. समोर चाळीस मुलं, सगळी तिच्याकडे बघत होती, काही जांभया आवरत होती. तिने ते वाक्य गिळलं.

‘‘बाबा आले नाहीत,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने रुमाल काढला. शिक्षणखात्याच्या बाईने मान कलती केली. महापौरांनी चष्मा वर करून डोळे टिपले. वेलिनाच्या लक्षात आलं, लोकांना वाटतंय की ती आजचं बोलतेय. आज, आपल्या शताब्दीला, बाबा येऊ शकले नाहीत. ‘‘नाही,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा. मी तेव्हाचं म्हणतेय. तेव्हा ते...’’ पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, मनापासूनच्या, हळव्या, लांबत जाणाऱ्या टाळ्या, आणि व्हायोलिनवाल्या तरुणाला कुणीतरी खूण केली, आणि त्याने गज उचलला. माइकमध्ये एकदा कुरकुर झाली आणि तो बंद झाला. वेलिना क्षणभर तशीच उभी राहिली. ओरडायला हवं होतं. तेवढी ताकद नव्हती, आणि समोरच्या रुमालांकडे बघितल्यावर इच्छाही नव्हती. ती येऊन आपल्या जागेवर बसली.

‘‘मी ऐकलं,’’ शेजारून एवदोकिया म्हणाली. व्हायोलिनच्या वर आवाज जावा म्हणून ती जरा मोठ्यानेच बोलली. ‘‘दोन्ही वेळचं ऐकलं.’’

समारंभ संपल्यावर खुर्ची उचलणारी दोन माणसं खाण्याच्या टेबलांकडे गेली ती परत येईनात. एवदोकिया म्हणाली, ‘‘राहू देत त्यांना, खाऊ देत. तुझा हात दे.’’ वेलिनाने तिला दंडाला धरलं आणि दोघी संगमरवरी जिना उतरायला लागल्या, एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. म्हातारीचं वजन काही नव्हतं, कोटाचंच होतं ते. पहिल्या वळणावर आल्यावर एवदोकियाने कठडा धरला.

‘‘काय होतं गं त्यात?’’

‘‘काही नाही. मजेत आहे, रोज दूध पितो, कांदे लावलेत. वजन दीड किलोने वाढलंय.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि लोकांसाठी खूप काम करा.’’

‘‘ये म्हणून नव्हतं?’’

‘‘नव्हतं.’’

एवदोकिया उभी राहिली. तिचा चांगला डोळा वेलिनाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. ‘‘गाढव,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘गाढव कुठला. बूट घालून बसला होता.’’ आणि ती कठड्याला धरून हळूहळू खाली वाकली आणि पायरीवरच बसली. वेलिनाही बसली. पायऱ्या गार होत्या. वरून लोक खाली येत होते, त्यांना बघून बाजूने जात होते, एक-दोघांनी वाकून नमस्कारही केला, आणि दोघींपैकी कुणीच कुणाकडे बघितलं नाही. एवदोकिया रडत होती की तिच्या त्या डोळ्यातून नेहमीच पाणी येत असे, ते सांगणं कठीण होतं. तिने हातमोज्याने ते पुसलं.

‘‘किती म्हणालीस? वजन?’’

‘‘दीड किलो.’’

‘‘किती दिवसांत?’’

‘‘दोन महिने असतील.’’

एवदोकियाने मनाशी काहीतरी जमवलं, ओठ हलले. ‘‘मग चांगलं वाढलं होतं की गं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या आजारात, त्या दिवसांत. खूप चांगलं वाढलं होतं.’’

वेलिनाने हात मांडीवर ठेवले होते आणि पाठ भिंतीला टेकली होती.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या रांगेत सगळ्यांत जास्त माझंच वाढलं होतं.’’